माहेरीचं महेरी

आई, तुझ्याबद्दल मी दोनशे माणसांसमोर एक वाक्य बोलले आणि आता ते परत घेता येत नाही. बोलले म्हणजे फोनवर लिहिलं. तुझ्या वेळी फोन म्हणजे कोपऱ्यातला काळा डबा होता आणि तो वाजला की तू पदर सावरून उभी राहायचीस. आता फोनमध्ये ओसरी भरते असं समज. आमची ओसरी पुस्तकं वाचणाऱ्यांची आहे. कोणी पुण्याचं, कोणी नाशिकचं, एक जण कॅनडात, कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. पण सकाळच्या चहाला जे सुरू होतात ते विचारू नकोस. हे वाचलंत का, ते वाचलंत का, हा लेखक उगाच मोठा केलाय, ती बाई किती छान लिहायची आणि कोणी विचारत नाही. मध्येच कोणीतरी भरल्या वांग्यांचा फोटो टाकतं आणि तासभर पुस्तकं राहतात बाजूला. मला त्यात सगळे झाशीवाल्या ताई म्हणतात. 'ताई, तुमची मराठी किती जुनी आणि गोड हो!' असं कोणी लिहिलं की या वयातही मी दिवसभर फुलून फिरते. हसू नकोस. बिजली दफ्तरात सगळा जन्म हिंदीत फायली लिहिण्यात गेला. तू गेलीस, बाबा गेले, आत्या गेली, मग मराठीत बोलायला उरलं कोण? तुझा नातू सगळं समजतो आणि उत्तर देतो, 'हाँ मम्मी, ठीक है.' मानिक चौकात भाजी घेताना माझ्या तोंडून चुकून 'जरा बरी बघून द्या' निघालं, तर भाजीवाल्याला कळेचना, म्हणाला, 'का कै रईं, दीदी?' माझ्याकडे मराठी राहिली ती तेवढी त्या फोनमध्ये.

आणि तिथे मी मोठी वाचक म्हणून मिरवते. तुझ्यापुढे काय लपवायचं, आई? मी वाचलेलं नाही, मी ऐकलेलं आहे. शाळा हिंदीची. लिपी तीच असली तरी मराठी पुस्तक हातात घेतलं की माझी बैलगाडी व्हायची, आणि तू वाचून दाखवत असताना मी कशाला कष्ट घेऊ? दुपारची जेवणं आटोपली की तू स्वयंपाकघरात गव्हाच्या पिंपाला टेकून बसायचीस, पाय लांब करून, पुस्तक गुडघ्यावर. आत्या समोर सुपात डाळ निवडत बसायची. मी मध्ये, फरशी गार म्हणून पोटावर पालथी. तू सातवीपर्यंतच शिकलेली, पण देशावरच्या माहेराहून आलेली, त्यामुळे अख्ख्या गल्लीत मराठी पुस्तक घडाघडा वाचणारी तूच. त्या दुपारींवर मी ग्रुपमध्ये इतकी वर्षं भाव खाल्ला.

मागच्या महिन्यात कोणीतरी विचारलं, मराठी कादंबरीतला तुमचा सगळ्यात आवडता शेवट कोणता? मी लगेच सरसावले. आठवते का तुला ती निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी, बाबांच्या दफ्तरातल्या मराठी साहेबांच्या बायकोकडून मागून आणलेली? कोकणातली बाई, नवऱ्याने टाकलेली, दोन वर्षं सासरी हाल सोसते आणि शेवटी माहेराची वाट धरते. मी लिहिलं, ती भरदुपारी माहेरी पोचते, भाऊ दारातच खाली मान घालून उभा, शेजारीपाजारी डोकावताहेत, आणि वहिनी काही न विचारता तिच्यापुढे महेरीचा वाडगा ठेवून म्हणते, 'आधी जेवा वन्सं, मग बोलू.' वर हेही लिहिलं की मराठीत याहून चांगलं वाक्य मी वाचलेलं नाही. वाचलेलं! धडाधड बदाम पडले. कोणी लिहिलं, डोळ्यात पाणी आलं.

मग मिरजेच्या एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, फार कमी लिहितात, त्यांनी लिहिलं, 'ताई, काही गल्लत होतेय का? ती माहेरी पोचतच नाही. वाटेत विहीर आहे.' माझी जीभ तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, हिला उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच येतं. मी त्यांच्यावर तुटून पडले. त्या शांतपणे दोनदा म्हणाल्या, पुन्हा बघा. मी लिहिलं, 'वाचलेलं समजत नसेल तर माणसाने निदान गप्प बसावं.' माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या बाईला! त्यावर त्या गप्प बसल्या, आणि मी जिंकल्यासारखी उठून चहा टाकायला गेले.

चहा होईस्तोवर नाशिकच्या एका गृहस्थांनी शेवटच्या पानाचा फोटो टाकला होता. मी चष्मा पुसून तीनदा वाचला. भाऊ नाही, वहिनी नाही, वाडगा नाही. विहिरीच्या काठावर तिच्या वहाणा, एवढंच. माझे कान तापले, आई. मग ग्रुपला जी उकळी फुटली! कोणी विचारलं, महेरी म्हणजे काय? इंदूरच्या एकाने सांगितलं, अहो ती बुंदेलखंडातली ताकात शिजवलेली ज्वारी, ती कोकणात कुठून पोचली? आणि कोणीतरी लिहिलं, 'ताई, ते माहेरी असेल हो, महेरी नव्हे! एका कान्यात बाई जेवून तृप्त झाली.' हसणाऱ्या तोंडांची ही रांग लागली. चांगलं लिहिलं होतं मेल्याने, दुसऱ्या कोणावर असतं तर मीही हसले असते.

आता ते वाक्य. मला कुठेतरी तोंड लपवायचं होतं आणि तुझा पदर सवयीचा, हाताशी होता. मी लिहिलं, 'लहानपणी आमच्या आईने वाचून दाखवलं होतं. सातवी पास बाई, माहेरीचं महेरी वाचलं असणार, पुढचं मनानेच जुळवलं. नंतर मी स्वतः वाचलं, पण तिचा घोळच डोक्यात राहिला.' खाली हसण्याची आणखी एक रांग, आणि या वेळी ती तुझ्यावर. मीही एक हसरं तोंड टाकलं. टाकलं गं, आई. अर्ध्या तासात सगळं विसरून लोक कुठल्याशा संमेलनावर भांडायला लागले. माझी सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या बाईंचा मला एकटीला निरोप आला. मला वाटलं आता ऐकवणार, आणि ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, 'तुमच्या आईने घोळ घातला असं मला वाटत नाही. वन्सं हा शब्द त्या पुस्तकात कुठेच नाही. ऐकायला घरात कोण होतं?'

मी फोन पालथा घातला आणि गॅसवरचं दूध उतू जाताना नुसती बघत उभी राहिले.

मी नऊ वर्षांची आहे. आत्या सासरहून, समथरहून, सकाळच्या बसने आली आहे, एक पत्र्याची पेटी घेऊन, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आहे. बाबा दारात खाली मान घालून उभे आहेत. खिडकीशी शेजारच्या चाची दोनदा येऊन गेल्या. तू महेरीचा वाडगा तिच्यापुढे ठेवतेस आणि म्हणतेस, 'आधी जेवा वन्सं, मग बोलू.' आत्या जेवत नाही. संध्याकाळपर्यंत वाडगा तसाच, वर साय धरलेली. मला सांगण्यात आलं, आत्या राहायला आली आहे. तिकडे तिच्या नवऱ्याने दुसरी आणून बसवली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही तुझ्याकडून नाही. आत्या बोलत नव्हती, दोन घासांवर उठायची. आणि मागच्या अंगणातल्या विहिरीवर पाणी आणायला जायची ती घागर भरूनही काठावर बसून राहायची. तू स्वयंपाकघरातून हाक मारायचीस, 'वन्सं, डाळ निवडायची राहिली हो!' निवडलेलीच डाळ पुन्हा सुपात ओतलेली मी पाहिली आहे. मला वाटायचं तू विसराळू आहेस.

ती कादंबरी तू तेव्हाच आणलीस. तुलाही तिचा शेवट माहीत नव्हता, सगळ्यांबरोबरच वाचत होतीस. आत्या ऐकता ऐकता हात थांबवायची, तेवढ्यानेही तुला बरं वाटत असणार. मग एक दिवस तू पुस्तक काढलंच नाहीस. डोळे दुखतात म्हणालीस. चार दिवस तुझे डोळे दुखत होते, आणि मी 'पुढे काय झालं' म्हणून तुझं डोकं खात होते, कारण ती बाई बिचारी वाटेवरच अडकली होती. त्याच चार दिवसांत बाबांनी लोहार आणून विहिरीवर जाळी बसवली, बादलीपुरतं झाकण ठेवून. मुलांचा चेंडू पडतो म्हणाले. कोणाचा चेंडू? घरात मी एकटी, आणि माझ्याकडे चेंडू नव्हता. इतकी वर्षं मला हा प्रश्न कधी पडला नाही, बघ. मोठी वाचक!

पाचव्या दिवशी तू वाचलंस. तुझा आवाज त्या दिवशी जरा मोठा होता. बाई माहेरी पोचली, भाऊ दारात, वहिनीने वाडगा ठेवला. मी पालथी पडून वर बघत होते आणि मला दिसलं, तू तेच पान तिसऱ्यांदा उलटलंस. मी ओरडले, 'आई, हे पान तर झालं!' तू पुस्तकाआडून माझ्या मांडीला असा करकचून चिमटा काढलास की माझा श्वास अडकला. 'मध्ये बोलायचं नाही,' म्हणालीस. जन्मात तू मला तेवढा एकदाच हात लावलास. त्या चिमट्याचा राग मी लग्न होईस्तोवर धरला होता. मुलाला गोष्ट सांगताना सांगायचे, तुझी आजी गरीब दिसते फोटोत, पण चिमटा काय काढायची!

तू पुस्तक मिटलंस. आत्याने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, 'मग जेवली का ती?' कित्येक दिवसांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य. तू म्हणालीस, 'जेवली की. दोनदा मागून घेतली.' आत्याने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, 'उद्या महेरी मी करते, वहिनी. तुझ्या हातची गोळा होते.' आणि तू म्हणालीस, 'होतेच मुळी, मी देशावरची, मला काय कळतं त्यातलं.'

आत्या म्हातारी होऊन गेली, आई. माझ्या लग्नात तिने सगळ्यांना दरडावलं. तू गेल्यावर बाबांना तिने सांभाळलं. शेवटच्या वर्षीसुद्धा महेरी ढवळताना दुसऱ्या कोणाला पळी देत नव्हती. निळं पुस्तक तर तू आठवड्यात परत करून आलीस. आत्याला वाचता येत नव्हतं, आणि मला वाचायचं नव्हतं, म्हणून ती बाई आमच्या घरात चाळीस वर्षं जिवंत राहिली आणि कोणाला पत्ता लागला नाही.

आणि तुला मी सातवी पास म्हणाले. माझी मलाच शरम वाटते, आणि ती कमी होत नाही. ग्रुपवर तो निरोप अजून आहे, वेळ गेली की पुसता येत नाही. मी स्वतःला समजावत होते की खुलासा करायचा तर आत्याची गोष्ट दोनशे लोकांपुढे मांडावी लागेल. जे तू उभ्या जन्मात माझ्याजवळही बोलली नाहीस ते मी वांग्यांच्या फोटोखाली कसं लिहू? तुला विचारलं असतं तर तूच म्हणाली असतीस, राहू दे, मला म्हणू देत अडाणी. तू नक्की म्हणाली असतीस. मिरजेच्या बाईंनाही मी एवढंच उत्तर दिलं, 'कोणी नाही, आम्ही मुलंच होतो.' आत्याला मी घरातूनच काढून टाकलं. त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि विषय संपला.

हे मी वहीत लिहिते आहे, फोनवर नको, कुठे बोट पडायचं आणि जायचं सगळ्यांना. पण तुझ्याशी तरी खोटं कशाला? काल दुपारी मी ग्रुपवर चार शब्द लिहिले होते, 'आईने घोळ घातला नव्हता.' बस. त्यात आत्याचं नाव कुठे येतं? कुठेच येत नाही. पण त्यावर कोणी विचारलं असतं, मग ताई, तुम्ही नंतर स्वतः वाचलंत तेव्हा शेवट काय होता? ते चार शब्द मी खोडले, आणि सकाळी कोणीतरी कुठल्या तरी नव्या कादंबरीबद्दल विचारलं, तेव्हा लिहिलं, हो, वाचली आहे, छान आहे.