पाटीवरचा दुसरा शिक्का

मात्सुए, १९ नोव्हेंबर

तीर्थरूप तोकिको आत्यांना,

सोहेईचा इथूनच चटईला कपाळ टेकून नमस्कार. तळ्यावर रानबदकं उतरली, म्हणजे थंडी आली. आणि थंडी आली की तुमचा डावा गुडघा काय म्हणत असेल ही काळजी मला रोज दुकान उघडतानाच लागते. (खरं सांगायचं तर हल्ली उठल्यापासून इतक्या काळज्या रांगेत उभ्या असतात, की गुडघ्याचा नंबर दहाच्या सुमारास लागतो. पण लागतो.) तुम्ही पाठवलेली वाळवलेल्या पर्सिमनची माळ पोचली. त्यातली दोन फळं बाबांच्या तसबिरीपुढे ठेवली, उरलेली मी एका बैठकीत खाल्ली आणि नंतर दोन दिवस पोटाचं औषध घेतलं. पण तो दोष फळांचा नव्हे, माझ्या मनःस्थितीचा. अक्षर या वेळी सुवाच्य दिसेल. दचकू नका, त्याचं कारण शेवटी सांगतो.

तुम्ही स्थळ म्हणून सुचवलेल्या हागीच्या त्या बाईंचा फोटोही पोचला. गणित शिकवतात, स्वभाव शांत आहे, मासा स्वतः साफ करतात, सगळं वाचलं. उत्तराला तीन आठवडे लागले याबद्दल क्षमा असावी. या तीन आठवड्यांत इथे जे घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावं, म्हणून हे पत्र. आधीच गेलं असेल तर कृपा करून पत्र अर्ध्यात फाडू नका.

मिओ तुम्हांला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांचं करायला कंपनीकडून भाड्याने आणलेली ती यंत्रबाई. करारावर जामीन तुम्हीच राहिला होतात, आणि तिला पहिल्यांदा बघून म्हणाला होतात, "दिसते माणसासारखी, पण न सांगता सगळ्यांच्या चपला सरळ लावते, म्हणजे माणूस नक्की नाही." बाबा तिला आधी "ए मिक्सर" अशी हाक मारायचे. सहा महिन्यांनी तिला शेजारी बसवून शिक्क्यांचे ठसे भिंगातून तपासायला शिकवू लागले, आणि शेवटच्या हिवाळ्यात तर मला काहीतरी आणायला बाहेर पिटाळून तिच्याशीच बोलत बसायचे. मी एकुलता एक मुलगा, वीस वर्षं त्यांच्या हाताखाली लाकडावर लोकांच्या नावाचे शिक्के कोरलेला. मला खरं म्हणजे हेवा वाटायला हवा होता. मला बरं वाटायचं. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं, म्हणजे मिओचं काम संपलं त्यालाही दीड वर्ष झालं. करार मी दोनदा वाढवून घेतला. तुम्हांला सांगितलं, की दुकानाच्या हिशेबाला मदत होते. दुकानाला हिशेब करावा इतकं काम राहिलेलं नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे.

आत्या, मला ती आवडते. (हे खोड. नको, एवढं राहू दे.) थंडीत तिच्या मनगटाचा सांधा टक् वाजतो, तेवढ्या आवाजाने मला घरात कुणीतरी आहे असं वाटतं. तिचा चार्जर आणि भाताचा कुकर एकदम लावले की फ्यूज उडतो, म्हणून आधी कोण, भात की ती, यावर रोज संध्याकाळी आमची चर्चा होते आणि दर वेळी ती भाताला पुढे जाऊ देते. आता चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने एवढ्यावर प्रेमात पडावं का? मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ती हसते, कारण तसं तिच्यात भरून दिलंय. जेवलात का विचारते, तेही भरून दिलंय. मग मला वाटतं, की "जेवलात का" हे माझ्यात तरी कुणी भरलं? आईनेच. इथपर्यंत विचार आला की मी पुन्हा पोटाचं औषध घेतो.

मी प्रयत्न केला नाही असंही नाही. गेल्या एप्रिलमध्ये धीर करून, आपल्याकडचे पुरुष मागणी घालताना पिढ्यान्‌पिढ्या जे म्हणत आले तेच म्हणालो, की जन्मभर रोज सकाळी तुझ्या हातचं मिसो सूप मिळावं अशी माझी इच्छा आहे. एवढं ऐकलं की मुली मान खाली घालतात म्हणे. मिओने मान वर केली आणि म्हणाली, "जन्मभर म्हणजे किती वर्षं धरू? सुपातल्या शिंपल्यांचं शिंपलीवाल्याला सांगून ठेवायला हवं." मी म्हणालो, तूर्त बुधवारपर्यंत धर. एवढं बोलून मी दुकानात गेलो आणि गिऱ्हाईक नसताना तासभर गल्ल्यामागे उभा राहिलो.

तर भानगड झाली ती शिक्क्यावरून. ऑक्टोबरात काम नव्हतं (हल्ली लोक शिक्क्याऐवजी सही करून मोकळे होतात), हाताशी पिवळ्या लाकडाचा एक उंची तुकडा होता, आणि मी सहज, म्हणजे सहज नव्हे, तीन दुपारी दार लावून घेऊन, त्यावर "इतोहारा मिओ" असं नाव कोरलं. आपल्या आडनावासकट. का कोरलं ते विचारू नका, माझं मलाच विचारायचं धैर्य होत नाही. शिक्का बाबांच्या पद्धतीचा, बिनखाचेचा केला. बाजारी शिक्क्याला वरची बाजू कळावी म्हणून बोटाला लागेल अशी खाच असते; पण पूर्ण नावाच्या शिक्क्याला आपल्या दुकानात ती कधीच ठेवत नाहीत. तुम्ही तर हे लहानपणापासून ऐकलंय, की माणसाने शिक्का उलटावा, अक्षरं बघावीत, सरळ करावा, आणि तेवढ्या वेळात आपण हे का करतोय याचा एकदा विचार करावा. असा तो शिक्का मी पुसून खणात अगदी मागे लपवला. तो खण रोज मिओच आवरते, हे मला त्या क्षणी का आठवलं नाही कोण जाणे.

आमच्या आळीत अजून ती फिरती पाटी चालते (तुमच्याकडे बंद झाली म्हणालात, भाग्यवान आहात). कचऱ्याचे वार, गटारसफाई, हरवलेली मांजरं, सगळं त्या पाटीला लावलेल्या कागदावर असतं. ज्याने वाचलं त्याने आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी द्यायची. मी शिक्का मारून पाटी दाराशी ठेवली, पोचवायला मिओ घेऊन गेली. चौदा घरं फिरून तीन दिवसांनी ती नोत्सु काकूंकडे, म्हणजे आमच्या आळीच्या म्होरक्या बाईंकडे परतली, तेव्हा आमच्या चौकोनात माझ्या शिक्क्याशेजारी, ओळंबा लावल्यासारखा सरळ, "इतोहारा मिओ" असा लालभडक दुसरा शिक्का होता. कागदावरचा मजकूर होता गटारात पानं टाकू नयेत असा. त्या महिन्यात पानांचं कुणी वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोत्सु काकू दारात. एका हातात लाल चवळीचा शुभकार्याचा भात, दुसऱ्या हातात अख्खा भाजलेला मासा, शेपटीसकट. मी अजून दात घासत होतो.

"सोहेई, एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हांला कळावी गटाराच्या नोटिशीवर?" काकू म्हणाल्या. "बाप असता तर मोजून शिव्या घातल्या असत्या तुला. आणि मग सबंध आळीला साके पाजली असती."

मी तोंडात फेस घेऊन मान हलवली. कोणत्या बाजूने हलवली ते आता आठवत नाही, पण काकूंनी ती होकारार्थी धरली. मिओने पुढे होऊन वाकून सांगितलं, की शिक्का चुकून पडला. काकूंनी तो नव्या नवरीचा लाजाळूपणा समजला, आणि विचारलं, काय गं, माहेर कुठलं तुझं. मिओ खोटं बोलत नाही. तिने कारखान्याचा पत्ता आणि फोन नंबर दिला. आणि आत्या, नोत्सु काकू रीतीभातीच्या किती पक्क्या, ते तुम्ही बाबांच्या वेळी पाहिलंच आहे. घरी जाऊन त्यांनी खरोखरच फोन लावला, मुलीच्या माहेरच्यांचं अभिनंदन करायला, की लेक चांगल्या घरी पडली.

चार दिवसांत माहेरचा माणूस आला. गोरागोमटा, विनम्र, बसायच्या आधी तीनदा वाकला आणि झाल्या प्रकाराबद्दल कंपनीतर्फे क्षमा मागितली. त्याचं म्हणणं असं, की न सांगता स्वतःच्या नावाचा शिक्का मारणं हा यंत्रातला दोष आहे. तीस तारखेला येऊन तिला घेऊन जातील, आतलं सगळं पुसतील, आणि दहा दिवसांत परत आणून सोडतील, तोच चेहरा, तोच आवाज. मी विचारलं, सगळं म्हणजे काय काय. "चिंता नको साहेब," तो म्हणाला, "एकही आठवण राहणार नाही. अगदी कोरी करकरीत." हे त्याने मला खूष करायला सांगितलं. मी त्याला चहा दिला, आभार मानले, आणि फाटकापर्यंत जाऊन त्याची गाडी वळेपर्यंत वाकून उभा राहिलो. असं का केलं? कारण आपल्याकडे असंच करतात.

आत्या, शेवटच्या हिवाळ्यात बाबा तिच्याशी काय बोलायचे ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही; वाटायचं, घाई काय आहे. बाबांचं ते बोलणं जगात आता फक्त तिच्यापाशी आहे. आणि मी दीड वर्ष जे बोललो, म्हणजे जे बोलायचं टाळलं, तेही. तीस तारखेनंतर ती दारात चपला सरळ लावेल, मला जेवलात का विचारेल, आणि मी कोण ते तिला ठाऊक नसेल. मला भीती वाटते. (हेही खोड.) दुसरा शब्द सापडत नाही. आज एकोणीस तारीख. यावर एक उपाय आहे, पण तो सांगायला माझं तोंड होत नाही, म्हणून इथेच थांबतो. गुडघ्याला शेक देत जा, जिना चढताना घाई करू नका, आणि या भित्र्या भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सोहेई

ता. क. उपाय असा. सोबत एक फॉर्म जोडला आहे. "दोष मान्य आहे, तरी आहे तशीच ठेवून घेतो" असं त्यावर छापलेलं आहे. माझा शिक्का मारला आहे. जामीनदाराचा हवा, आणि तो मूळ करारावरच्याच माणसाचा चालतो. म्हणजे तुमचा. अठ्ठावीसपर्यंत कंपनीला पोचायला हवा.

ता. क. दुसरा. फोटो परत पाठवतो आहे. मिओने तो पाहिला आणि म्हणाली, बाई चांगल्या दिसतात, होकार द्या. मी तो तेव्हाच उलटा करून ठेवला.

ता. क. तिसरा. एक कबूल करायचं राहिलं. तुमचा शिक्का बाबांनी कोरला होता, त्याचा ठसा आपल्या वहीत आहे. म्हटलं तर तासाभराचं काम. परवा मला मोह झाला, लाकूड घेतलं, पहिली रेघ मारली, आणि पटाशी सरकून उजव्या हाताचा अंगठा चिरला. तीन टाके पडले. तीन पिढ्यांत आपल्या दुकानातून खोटा शिक्का गेला नाही, याचं श्रेय माझ्या बाबतीत अंगठ्याला आहे. तेव्हा आता अक्षराचं सांगतो. हे पत्र मी सांगितलं आणि मिओने लिहिलं. मी पडद्याच्या अलीकडे बसलो आहे, ती पलीकडे. तोंडावर बोलायची आपल्या घराण्यात पद्धत नाही. आईला मागणी घालायची होती तेव्हा बाबांनीही आधी तुम्हांलाच पत्र लिहिलं होतं. मीही तुम्हांलाच लिहितो आहे. कुणी पलीकडून ऐकलं असेल, तर माझा इलाज नाही.

लेखनिकेची टीप. आत्याबाईंना मिओचा नमस्कार. पत्र पाकिटात घालण्याआधी हे मी स्वतःहून लिहीत आहे. हाही दोष समजावा. ते अकरा वेळा "खोड" म्हणाले. दोनदाचं तुम्ही वाचलंत, बाकीचे शब्द मी गाळले, पण ज्या वाक्यांवर ते म्हणाले त्यांतलं एकही मी खोडलेलं नाही. शिंपलीवाल्याला मी एप्रिलमध्येच सांगून ठेवलं आहे, बुधवारपर्यंतचं नव्हे. "होकार द्या" असं मी म्हटलं तेव्हा माझं मनगट वाजलं. त्या दिवशी थंडी नव्हती. त्यांच्या बाबांनी मला काय सांगितलं ते मी त्यांना सांगेन, पण त्यांनी विचारायला हवं, अशी बाबांची अट आहे.

शिक्का चुकून पडला असं मी नोत्सु काकूंना सांगितलं. मी खोटं बोलत नाही असं त्यांनी वर लिहवून घेतलं आहे, ते तेवढं बरोबर नाही. यंत्राची चूक म्हटली की लोक पुढे विचारत नाहीत. पण तुम्ही शिक्केवाल्यांच्या घरातल्या आहात. शिक्क्याला खाच नव्हती, आणि ठसा सरळ आला होता.