चादर घरची, खाट स्टॉकहोमची

स्टॉकहोम, मंगळवार

प्रिय हेल्गे,

आधी बाळाचं सांगते. अजून काचेच्या पेटीतच आहे, पण तेराशे ग्रॅम भरलं. डॉक्टर फार बोलत नाहीत, मीही विचारत नाही. लीव माझ्यावर डाफरते, म्हणजे आपली मुलगी ठीक आहे.

हॉटेलांचे दर ऐकून मी वसतिगृहात वरची खाट घेतली. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. इथे चादर आपली आणायची नि निघताना खोली आपणच झाडायची. काल माझे इथले ठरलेले दिवस संपले, शुक्रवारपर्यंत दुसरीकडे खाट बघणार होते, म्हणून खोली घासूनपुसून किल्ली द्यायला गेले. मालकीण उल्ला खोली बघून आली नि म्हणाली, "आजी, खिडकीच्या खाचासुद्धा? इतकं कोण करतं?"

"आमच्याकडे याला नुसतं झाडणं म्हणतात."

"मग रोज चार खोल्या झाडाल? खाट फुकट."

तेव्हा शुक्रवारी मी येत नाही, हेल्गे. मी पेटीशी बसते, तेव्हाच लीवचा दुपारी डोळा लागतो. बटाटे तुला उकडता येतात. पाठ शेकतोस ना? मेंढ्यांना मीठ दिलंस?

बाळ घरी निघेपर्यंत मी इथेच. तू माळ्यावरचा पाळणा खाली काढ आणि आत्ताच रंगव. रंग वाळायला वेळ लागतो.

तुझीच हट्टी,
इंगेगेर्ड