पुडक्यातलं निळं रेशीम

उलानबातार, ४ मार्च

तुगल्दर, माझ्या लेकरा,

थंडी नीट निभावली ना? कोरियात म्हणे बर्फ लवकर वितळतो. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या बहिणीच्या, आरियुनाच्या, गाईला वासरू झालं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. ल्हाम्जावकाकाने माझा फोन भिंतीवर आपटून फोडला. ओठही फुटला होता, आता बरा आहे.

बाबांच्या यकृतातल्या कर्करोगाचं तुला आरियुनाने कळवलंच असेल. नुसती गाठ कापता येत नाही. दारूने आणि त्या विषाणूने बाकीचं यकृत दगड झालंय, कापलं तर माणूस टेबलावरच जाईल. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधी गाठीला रक्त पुरवणारी नस बंद केली. गाठ आक्रसली. आता म्हणतात, घरातल्या कुणी आपल्या यकृताचा मोठा तुकडा दिला तर जुनं सगळं काढून तो बसवता येईल. पण लगेच. गाठ पुन्हा वाढून मोठ्या शिरेत घुसली की संपलं.

शस्त्रक्रियेला बारा तास लागतील म्हणताच बाबा बाईंवरच खेकसले, "बारा तास? मेंढीच्या छातीत हात घालून मी चहा उकळेपर्यंत कलेजी बाहेर काढतो!"

"मेंढी नंतर चालत घरी जात नाही, योंदोनकाका," बाई बाबांना म्हणाल्या.

बाबांनी थर्मास भिरकावला. बिचाऱ्या नर्सच्या कपाळाला टाके पडले.

माझ्यात, काकात, आरियुनात, सगळ्यांत तोच विषाणू निघाला. उरलास तू.

परवा बाबांनी तुझ्यासाठी काकाच्या हाती निळा खदग, मानाचं रेशमी वस्त्र, पुडक्यात बांधून दिला. थोरल्याने धाकट्यापुढे ते रेशीम धरलं म्हणजे काय, तुला सांगायला नको. दोन्ही हातांवर घेतलंस की मग 'नाही' म्हणता येत नाही.

काका म्हणाला, "शेजारची सोलोंगो कोरियाला चाललीय, तिच्याकडे पुडकं दे. पोरगा धावत येईल."

"आणि त्याला काही झालं तर?"

"बापाचंच रक्तमांस आहे. बाप परत मागतोय, एवढंच!"

मी उकळत्या चहाचं ओगराळं त्याच्या हातावर ओतलं. तेव्हा फोन गेला, आणि ओठ. नंतर पुडक्यातून खदग काढून मी त्यात हे पत्र घातलं.

तू येशील, हे ठाऊक आहे म्हणूनच माझा थरकाप होतो. घोडी हरवली म्हणून बाबांनी काठीने तुझं गळ्याचं हाड मोडलं, आणि शुद्धीवर येताच तू विचारलंस, "बाबांना घोडी सापडली का?" तुझ्या आधीचं एक मूल त्यांनी लाथेने माझ्या पोटातच मारलं. हे तुला कधी बोलले नव्हते. आता दुसऱ्याचा लचका मी तोडू देणार नाही.

काकाचा फोन येईल. सांग, तपासणीत तुझ्यातही विषाणू निघाला. एवढं बोल आणि फोन ठेव.

काल सूप भरवताना बाबांनी माझं मनगट धरलं. "पोरगा येतोय ना? मला मरायचं नाही गं, दुलमा." लहान मुलासारखे रडत होते. मला दया आली, फार आली. "येतोय," म्हटलं, आणि पुढचा चमचा भरवला.

येऊ नकोस.

तुझी आई,
आणि अजून थोडे दिवस त्यांची बायको,
दुलमा