पुरुषांकडचा डबा

सोमवार, २ फेब्रुवारी
सर्जन खूश. म्हणाले, आतड्यातला कॅन्सर गेला, पोटावरची पिशवी मात्र आता कायमची. संडास इथून पुढे तिच्यात. ठीक आहे. संकल्प : लॉन बोलिंग क्लबात कुणाला कळता कामा नये. गेले चार महिने हर्निया होता, असं सांगायचं. बायको, ग्लेनिस, म्हणाली, एवढा मोठा हर्निया असतो का रे? म्हटलं, आमच्या पास्को घराण्यात सगळंच मोठं.

बुधवार, ४ फेब्रुवारी
क्लबात चहा. डॅफ्नीचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. बाईने पिशवीचं नाव टेरेन्स ठेवलंय, सोडून गेलेल्या नवऱ्याचं. स्कोनला जॅम लावता लावता ब्लाउज वर करून सगळ्यांना दाखवते. बायका हसतात, गळते का गं, असं सरळ विचारतात. आम्ही पुरुष मैदानावरच्या गवताबद्दल बोलतो. घरी म्हटलं, या बायकांना भीडच नाही. ग्लेनिस म्हणाली, ती परवा ॲडलेडला जाऊन नाचून आली, तू अजून घरापासून दहा मिनिटांच्या पलीकडे गेला नाहीस. मुद्दा तो नव्हता.

शनिवार, ७ फेब्रुवारी
परतल्यावरची पहिली मॅच. पांढरी पँट, बेचाळीस डिग्री ऊन. अडचण एकच. बायकांच्या संडासात झाकणाचा कचऱ्याचा डबा आहे, पुरुषांच्या नाही. बदललेली पिशवी टाकू कुठे? वर्तमानपत्रात गुंडाळून चेंडूंच्या बॅगेत ठेवली. आमचा अध्यक्ष केव्हिन, त्याचं कुत्रं मॅचभर त्या बॅगेपाशी बसलं, हलेचना. सांगितलं, जनावरांना माझी ओढ आहे. मग केव्हिन गवतावर चेंडू घरंगळवायला वाकला, मैदान चिडीचूप, आणि माझ्या पोटाने लांबलचक सूर काढला. मी खोकलो. जरा उशिरा, पण जोरात. कुणाला काही कळलं नाही. हरलो.

सोमवार, ९ फेब्रुवारी
कमिटीला निनावी पत्र. 'पुरुषांकडेही डबा हवा. निव्वळ तत्त्वाचा प्रश्न. आपला, एक निरोगी सभासद.' अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. काय डोकं आहे!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
क्लबातली दर शुक्रवारची मटणाची सोडत. या खेपेला 'पुरुष विभागाच्या सुधारणेसाठी'. पत्राचा परिणाम! दहा तिकिटं घेतली, चॉप्सचा ट्रे लागला. टाळ्या थांबेचनात. माणूस लोकप्रिय असला की असं होतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
डबा आला! सोबत फळी, हूक आणि आरसा. आरसा मात्र कुणा गाढवाने बेंबीच्या उंचीवर ठोकलाय. केव्हिनकडे तक्रार केली. तो म्हणाला, राहू दे लेका, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. अशा ढिसाळपणामुळेच आम्ही मॅच हरतो.

शनिवार, २८ फेब्रुवारी
आमच्या क्लबात बाकापासून किटलीपर्यंत प्रत्येक वस्तूला पितळी पाटी लागते. आज डब्याची पाळी. बायका-पुरुष सगळे पुरुषांच्या संडासात दाटीवाटीने उभे. केव्हिनने पाटीवरचा टॉवेल ओढला : 'मर्व्ह पास्को यांच्या सन्मानार्थ.'

विचारलं, कुणी सांगितलं? डॅफ्नी म्हणाली, अरे, ऑपरेशनच्या आठवड्यापासून माहितीये सगळ्यांना, ग्लेनिस इथेच तर रडत बसायची. आणि तुझ्या त्या निनावी पत्राच्या पाकिटामागे तुमच्या पत्त्याचं स्टिकर होतं रे! आरशाची उंचीही म्हणे डॅफ्नीनेच स्वतः बेंबीला माप लावून ठरवली.

मंडळी पास्टी खायला गेली. केव्हिन मागे राहिला. हात धूत होता, मघापासून तेच. मग नळाकडे बघत म्हणाला, मर्व्ह, माझंही गुरुवारी आहे, तेच ऑपरेशन. कुणाला बोललो नाही, हर्निया सांगणार होतो. ती पिशवी... दुखते का रे?

मी शर्ट वर केला. आरसा बरोब्बर उंचीवर होता. सगळं नीट दाखवलं. म्हटलं, दुखत नाही, वाजते. पहिले काही दिवस भीती वाटते. मला अजून वाटते. हे मी आजवर ग्लेनिसलाही सांगितलं नव्हतं. त्याने माझा हात धरला, ओल्या हाताने.

मी रडलो, हे मात्र कुणाला कळणार नाही. डोळ्यांत ऊन गेलं, असं सांगितलंय.

संडासाला खिडकी नाही.