चौपन्नच्या गटातली चिमणी

दि. ४ मार्च

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

शिबिरात सरांनी आमचे फोन कपाटात बंद केलेत, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी, की मी बॉक्सिंगच्या साठ किलो गटातून चौपन्नमध्ये उतरतेय. साठमध्ये ती उंच चॅम्पियन आहे. तिच्यापुढे माझी डाळ शिजायची नाही असं सर म्हणतात, आणि ते खरंय. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येईल. म्हणून उकडलेल्या भाज्या, आणि भर उन्हात रेनकोट चढवून धावणं. शेवटी पाणीही बंद. तोंडात थुंकी आली तर कपात टाकायची, तिचंही वजन असतं. हसतेस ना? मीही आधी हसले होते.

माझ्या खोलीतली मुलगी, जिला सगळे बुटकी म्हणतात, मुळातच चौपन्नची. ती पोटभर जेवते, पण माझ्यासमोर खायला लाजते. ताट घेऊन जिन्यात बसते. मोठ्या स्पर्धेच्या निवडीची लढत तिच्याशीच आहे.

तुझ्या पत्राला बेकरीचा वास येतो. वाचून झाल्यावर हुंगत बसले. आईला काही सांगू नकोस. तुझा लोभ वाढू दे, माझं वजन तेवढं घटू दे.

तुझी चिमणी

दि. १० मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भट्टीसमोर उभ्याउभ्या वाचलं आणि पावांची अख्खी खेप करपली. मालक बोलले, बोलू देत.

जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस म्हणून तुझं नाव चिमणी पडलं. आईने जिवाचं रान करून अंगावर मांस चढवलं, ते तू आता उन्हात वितळवतेस. ती विचारते, पोरगी नीट जेवते ना. मी हो म्हणते आणि जीभ चावते.

आणि मला एक समजावून सांग. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होणार. मग तू रात्रभर खाऊनपिऊन होतीस तेवढी होणार, आणि सकाळी त्या बुटकीला मारणार. मग काट्यावर चढायचंच कशाला? मी दुकानात असं माप दिलं तर गिऱ्हाईक मला चोर म्हणेल. साठमध्येच खेळ. हरलीस तर हरलीस, घर कुठे पळून जात नाही.

लोभ आहेच, तो तुझ्या किलोंवर नाही.

ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चोर म्हणालीस ते लागलं. इथे सगळ्याच हे करतात. साठची ती चॅम्पियनही वरच्या गटातून उतरलेली. मी एकटीने नाही म्हटलं तर मार खाणारीही मी एकटीच. ज्यांनी नियम केला त्यांना विचार.

वजनाच्या सकाळी काटा जरासा वर होता. मी वेणी कापली, आईने तेल लावून वाढवलेली. तरी हलेना. मग गरम पाण्यात बसवून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. मी पाणी मागितलं तर सर म्हणाले, रडून घे, तेवढंही जाईल. रडायला आलं, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं. शेवटी काटा खाली आला.

दुसऱ्या दिवशी बुटकीला दुसऱ्या फेरीत पाडलं. ठोसा नाकावर बसला तेव्हा लहान पोरीला मारल्यासारखं वाटलं. रात्री तिने नाकात कापूस घालून माझी गादी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवड झाली, ताई. मोठ्या स्पर्धेसाठी पुन्हा तेवढंच उतरायचंय आणि या खेपेला शरीर ऐकत नाही. लघवी काळ्या चहासारखी होते. थांबावंसं वाटतं. पण थांबले तर तिचं नाक मी उगाच फोडलं.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

चिमणी

दि. २ एप्रिल

ती. ताईंना सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी चिमणीच्या खोलीतली बुटकी. सरांनी तुम्हाला फोनवर नुसता अशक्तपणा आहे, येऊ नका, असं सांगितलं. ते खरं नाही.

काल ती रेनकोटात धावताना मैदानावर कोसळली. तिची मूत्रपिंडं बंद पडली आहेत, मशिनवर रक्त शुद्ध करतात. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, पण रिंगमध्ये पुन्हा उतरता येणार नाही. हे तिला समजलंय. सर दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. मग उठले आणि मला म्हणाले, तुझं वजन बरोबर आहे, तिच्या जागी तूच चल.

ही जागा मला कधीपासून हवी होती. अशी नको होती. मी तिलाच विचारायला गेले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाठीवरची हाडं मोजता येत होती. मी उठले, तेव्हा म्हणाली, "जा. पण जेवून जा."

मी जेवले, ताई. पूर्ण ताट संपवलं.

आम्ही संध्याकाळी निघतोय. मग तिच्याजवळ आपलं कुणी नाही. हे पत्र तुमच्या गावच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते. मिळताच निघा. तिच्यावरचा लोभ कमी न करता थोडा माझ्यावरही ठेवा.

आपली, बुटकी