केसाएवढी रेघ

तुमसर, मंगळवार, दिवेलागण

नात रेवा आज स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापून घेऊन आली. अक्षरंही तिनेच निवडलेली. आमच्याकडे पहिली पत्रिका घरातल्या थोरल्याने देवापुढे मोठ्याने वाचायची असते, म्हणून आधी माझ्या हातात दिली. मला नुसते जाड उभे दांडे दिसले, धान कापल्यावर बांधीत उरलेल्या धसकटांसारखे. म्हटलं, "प्रेसवाल्याची शाई संपली होती का व?"

"आबा, त्याले काहून बोलता? अक्षरच तसं आहे. उभी रेघ जाड अन् बाकीची केसाएवढी बारीक. पाहा, कशी नाजूक दिसून राहिली!"

मला ती बारीक रेघ दिसलीच नाही. चष्मा पुसला, खिडकीशी गेलो, तरी नाही. "उद्या वाचतो," म्हणालो.

मग शाळेतलं कवितेचं पुस्तक काढलं. रोज मांडीवर उघडून कविता म्हणतो. आज मुद्दाम पाठ नसलेली कविता काढली. एक ओळ लागेना. म्हणजे इतके दिवस मी वाचत होतो की नुसतं आठवत होतो? कधीपासून?

रेवाला सांगायला हवं. हे लिहून तर राहिलो, पण परत वाचून पाहायची हिंमत होत नाही.