वरचं चित्र

माय, आज दुपारी शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत मी एकटीच बसले आहे. परीक्षा संपल्या, मुलं गेली. सकाळी कुणी वेचली नाहीत ती मोहाची फुलं खिडकीबाहेर पडून आहेत आणि उन्हानं त्यांना असा वास सुटलाय की डोळे उघडे ठेवणं कठीण. मघाशी डुलकी लागली तर तू दिसलीस. आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या चिंचोळ्या मातीच्या बांधावर उभी होतीस, हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं आडव्या बाटलीचं चित्र. नुसती ते चित्र हळूहळू फिरवत होतीस. बाटली उभी व्हायची, परत आडवी व्हायची, आणि मागं सगळं धान पिवळं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. जाग आली तेव्हा माझी पेन्सिल खाली पडली होती.

तुला एक बातमी सांगायची आहे आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही. तुझी नात बिअर बनवणार म्हणते. तीच, जिला मी कडेवर घेऊन तुझ्या मोर्च्यात यायचे आणि जी घोषणांच्या गोंगाटात गाढ झोपायची. पुण्याला शिकली, तिथंच एका बिअरच्या कारखान्यात दोन वर्षं राबली आणि आता साकोलीला परत आली आहे. म्हणते, मोठ्या कंपन्यांसारखी नाही, आपल्या तांदळाची, मोहाच्या फुलांचा वास असलेली, थोडी थोडी हातानं केलेली. त्याला क्राफ्ट बिअर म्हणतात. माझ्या लेखी क्राफ्ट म्हणजे घोटीव कागद, डिंक आणि बोथट कात्री, आठवड्यातून दोन तास. ती हसली. तू असतीस तर हसली नसतीस. विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शीलाला तुझा आवाज मुद्दाम चढायचा आणि मागं बसलेले दोन-चार पुरुष खाली बघायचे.

आजवर असं काही करायचं तर कायदा आडवा यायचा. परवाना फक्त बड्यांना. आता सरकार तो कायदा बदलायला निघालं आहे: लहान माणसालाही गावात बिअर बनवू द्यायची, मात्र गावातल्या बायांच्या ग्रामसभेनं हो म्हटलं पाहिजे आणि जागामालकाची संमती पाहिजे. जागा म्हणजे गावच्या आपल्या घरामागची, तू वाल लावायचीस ती. मालक मी. संमतीचा कागद आठ दिवसांपासून माझ्या पर्समध्ये आहे. आणि बिअरचं नाव काय ठेवणार म्हणते, ठाऊक आहे? ‘आडवी’. वर मलाच म्हणते, "आई, लेबलवरचं चित्र तूच काढ." मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारीण दारात आली.

तिला काय ठाऊक आडवी म्हणजे काय ते. बाबा पिऊन कुणाला मारत नव्हते, शिव्याही देत नव्हते. नुसते झोपायचे. पऱ्ह्यांची रोपं लावायला तयार, बांधीत पाणी, बाया रोवणीला उभ्या, आणि बाबा धुऱ्यावरच्या पळसाखाली तोंडावर टॉवेल घेऊन. तू म्हणायचीस, "मारलं असतं तं बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. झोपल्या मानसाशी काय भांडू?" ते झोपेतच गेले, आणि पुढच्याच वर्षी तू गावातलं दारूचं दुकान बंद करायला उठलीस. बायांचं मतदान मागायचं, निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. एकोडीच्या रस्त्यानं तुम्ही निघालात तेव्हा सगळ्यात पुढं तू आणि मावशी. सख्खी नाही, पण रोवणीच्या रांगेत जन्मभर तुझ्या उजव्या हाताला तीच असायची. तुम्ही वाकल्या की एकदम वाकायच्या आणि कमरेवर हात ठेवून उठायच्याही एकदम.

मला तेव्हा नुकतीच ह्या शाळेत नोकरी लागली होती. माझं मत साकोलीत, त्यामुळं मी काय करणार? चित्र काढणार. बायांच्या सरावासाठी मी मतपत्रिका काढल्या. खरी कशी असेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी मी कुणाला विचारलं नाही, मला विचारायची लाज वाटायची. आपली बाटली म्हणून आडवी वर काढली, उभी खाली. छान काढली होती, झाकणातून दोन थेंब गळताना. म्हाताऱ्या बायांना जवळचं दिसत नसे, आडवं-उभं कळत नसे. तू त्यांना अंगणात बसवून समजावलंस, "नजर नाही पुरत ना? मंग बाटली पाहाचीच नाही. वरचं चितर, बस. वरच्यावर मारा आन् घरी जा." मावशीनं ते इतकं पाठ केलं की पाणी भरतानाही तोंडातल्या तोंडात "वरचं, वरचं" चालायचं.

थोडक्यात हरलात. अगदी थोडक्यात. दुकानवाल्यानं लुगडी वाटली होती असं गावात बोलत होते, आणि त्याच आठवड्यात मावशीच्या अंगावर नवं लाल काठाचं लुगडं. ते तिच्या भावानं पवनीहून आणलं होतं हे आपल्याला पुष्कळ दिवसांनी कळलं. तू विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणालीस, "काहून वं, बाटलीवाल्याचं लुगडं नेसून राहिली?" मावशीनं घागर तशीच अर्धी ठेवली आणि चालू लागली. त्यानंतर तीन रोवण्या तुम्ही एकाच बांधीत दोन टोकांना उभ्या. तुला नेलं त्या दिवशी ती आली होती, पण चिंचेखाली थांबली. पुढं आली नाही, कुणी बोलावलंही नाही.

परवा साकोलीला नव्या कायद्यावर हरकती आणि सूचना ऐकायची बैठक होती. एक पुढारी धानाला भाव आणि पोरांना रोजगार एवढं बोलून घाईनं निघून गेला. मग उठला कोण? तुझा दुकानवाला. आता केस पांढरेशुभ्र, गळ्यात उपरणं. माझ्या आयाबहिणींच्या संसाराची राखरांगोळी होईल म्हणून मी ह्या बिअरला विरोध करतो, म्हणाला. माय, मला हसूही आलं आणि रागानं कानही तापले. ह्याच्या गल्ल्याला धक्का लागणार म्हणून ह्याला आयाबहिणी आठवल्या! मागून एकानं टोमणा मारला, तुमचं दुकान काय दुधाचं आहे का? तर हा म्हणतो कसा, "माझं दुकान बायांनी ठेवलंय. मतदान घेतलं होतं, त्यांनीच उभ्या बाटलीवर शिक्के मारले."

बायांच्या रांगेतून मावशी उठली. काठी टेकत, सावकाश. "ओ भाऊ, म्या तुह्या बाटलीवर नाही मारला. म्या वरच्या चितरावर मारला. हिच्या मायनं सांगतलं होतं, वरचं, तं वरचंच मारला."

"अवं बुढे, वरच तं उभी होती!" दुकानवाला म्हणाला, आणि सगळं सभागृह हसलं. मावशी हसणाऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या डाव्या हाताचं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, जशी काही शाई अजून लागलेली असावी, आणि खाली बसली. बोलणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव पुकारलं तेव्हा मी म्हटलं, मला काही बोलायचं नाही.

काल सकाळी गावी गेले. मावशी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं की मावशी, चित्र माझं चुकलं होतं, मी आडवी वर काढली, तू सांगितलं तसंच केलंस. तिनं फुलं पसरणं थांबवलं नाही. पसरता पसरताच म्हणाली, "तुवा चितर चुकोलं, ते जाऊ दे. लेकरू होती तू. पन तिनं मले इचारलं काहून नाही? लुगडं कोनाचं म्हून एक डाव इचारलं असतं." ह्याचं उत्तर तुझ्याकडे आहे का गं?

निघताना तिनंच विषय काढला, "तुही पोरगी आपल्या तांदळाची दारू करून राहिली म्हनते?" मी मान हलवली. "बायाईले पहिले नीट इचारा म्हना. आन् कागद दाखवा, खरा कागद. मंग पाहू हो म्हनाचं का नाही." तिच्या पायाशी वाकले तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मोहाचा वास.

लेकीला सांगितलंय, बायांनी हो म्हटल्याशिवाय माझी सही नाही, आणि म्हटलं तरी नाव ‘आडवी’ नाही. तो शब्द तुमचा आहे, हरलात तरी. ती रुसून बसली आहे. रुसू दे. तुला हे पटेल की तू मलाच धुऱ्यावरून हाकलशील, माहीत नाही. हा तुला लिहिलेला कागद घडी करून मुलांच्या जुन्या चित्रांखाली ठेवणार आहे, तो कुठं जायचा नाही.

मावशीला मी म्हटलं की चूक मला परवा सभागृहात कळली. माय, ते खोटं आहे. मोजणी झाली त्या संध्याकाळी गावच्या शाळेच्या भिंतीवर मतपत्रिकेचा नमुना अजून चिकटलेला होता. लेकीला कडेवर घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि वरचं चित्र पाहिलं. घरी आले तर तू चुलीपाशी बसून मावशीच्या लुगड्याबद्दल बोलत होतीस. मी लेकीला पाजायला घेतलं आणि तुला बोलू दिलं.